अर्ध्याच अंगाला घाम

अर्धांगवायूच्या रुग्णाला भेटायला आलेला माणूस हमखास एकच विचारतो, ‘हात हलायला लागला का?’ घरच्यांचं लक्षही तिथंच खिळलेलं असतं. मूठ किती उघडली, पाय किती उचलला गेला, शब्द किती स्पष्ट आले. त्यात गैर काहीच नाही. पण त्याच रुग्णाच्या शरीरात आणखी बरंच काही बिघडलेलं असतं आणि त्याची विचारपूस कोणी करत नाही. सदऱ्याची एक बाही घामाने चिंब, दुसरी कोरडी ठणठणीत. भर वैशाखात एकाच हाताचा पंजा गारठलेला. पलंगावरून उठवलं की डोळ्यांपुढे अंधारी. दोन-दोन दिवस न थांबणारी उचकी. रुग्ण सांगतो तेव्हा ‘अशक्तपणा असेल’, ‘पित्त झालं असेल’, ‘आता वयच झालं’ असं म्हणून विषय मिटवला जातो. ज्याची वाचा गेली आहे, त्याला तर सांगताही येत नाही.

हे मनाचे खेळ नव्हेत. मेंदूला झालेल्या इजेचाच हा भाग असू शकतो, लुळ्या पडलेल्या हाताइतकाच खरा. यांतली बरीचशी लक्षणं काही आठवड्यांत ओसरतात. काही मात्र वेळीच ओळखली नाहीत तर पडून खुब्याचं हाड मोडणं, पाय भाजणं, फुप्फुसात पाणी किंवा अन्न जाणं, इतकंच काय, दुसरा झटका येणं इथपर्यंत गोष्ट जाते.

हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम, आतड्यांची हालचाल, मूत्राशय, डोळ्यांच्या बाहुल्या हा कारभार माणूस ठरवून करत नाही. तो स्वायत्त चेतासंस्था पाहते. तिच्या दोन शाखा आहेत, अनुकंपी आणि परानुकंपी. बैलगाडीच्या दोन कासऱ्यांसारख्या त्या चालतात. एक ताणला की दुसरा सैल सोडायचा, तेव्हा गाडी सरळ जाते. हे कासरे मेंदूत अनेक ठिकाणांहून सांभाळले जातात. कानशिलाच्या आत घडीत दडलेला इन्सुला, मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस आणि मानेच्या वरच्या टोकाशी असलेली लंबमज्जा ही त्यांतली मुख्य ठिकाणं. रक्ताची गुठळी कुठे अडकली किंवा रक्तस्राव कुठे झाला, यावर कोणतं लक्षण दिसणार हे ठरतं. म्हणूनच एकाला घाम, दुसऱ्याला उचकी, तिसऱ्याला छातीत धडधड.

याचं फार जुनं उदाहरण एका डॉक्टरचंच आहे. जिनिव्हाचे गास्पार व्ह्यूसो यांना १८०८ मध्ये झटका आला. एकदम गरगरलं, चेहऱ्याची एक बाजू बधिर झाली आणि अंगाच्या विरुद्ध बाजूला टोचल्याची, गरम-गारची जाणीव उरली नाही. आवाज घोगरा झाला, गिळता येईना, एक पापणी ओघळली, उचकी लागली. त्यांची ही हकिकत १८१० मध्ये लंडनच्या मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीपुढे मांडली गेली. पुढे १८९५ मध्ये जर्मन डॉक्टर आडोल्फ वालेनबर्ग यांनी ३८ वर्षांच्या एका रुग्णात अशीच लक्षणं पाहिली आणि निव्वळ तपासणीवरून सांगितलं, की बिघाड लंबमज्जेच्या कडेला आहे. १९०१ मध्ये शवविच्छेदनात त्यांचं निदान बरोबर ठरलं. या प्रकाराला आज त्यांचंच नाव आहे.

वालेनबर्ग सिंड्रोममध्ये फसगत होते ती अशी, की बहुतेकदा हातपाय लुळे पडत नाहीत. रुग्ण गरगरतंय म्हणतो, उलट्या करतो, उचकी देतो, चालताना एका बाजूला झुकतो. घरच्यांना पित्त वाटतं, कधी कधी दवाखान्यातही तसंच वाटतं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूचा हा तळचा भाग नीट दिसत नाही, त्यामुळे सीटी ‘नॉर्मल’ आला म्हणून झटका नाहीच, असं धरता येत नाही. एमआरआय लागतो, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत तोही क्वचित चकवतो. अचानक गरगरण्याबरोबर गिळता न येणं, आवाज बदलणं, एक पापणी उतरणं किंवा चालताना तोल जाणं यांपैकी काही असेल, तर पित्ताची गोळी देऊन सकाळपर्यंत वाट पाहू नये.

उचकी ४८ तासांपेक्षा जास्त चालली तर तिला साधी उचकी म्हणत नाहीत. घरचे उपाय सगळ्यांना पाठ असतात. एका दमात पाणी प्या, चमचाभर साखर तोंडात टाका. पण ज्या भागाच्या इजेने ही उचकी लागते, त्याच्या शेजारीच गिळण्याचं नियंत्रण असतं. अशा रुग्णाला घटाघट पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याची भीती असते. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय यातला कोणताही उपाय करू नये. बॅक्लोफेन, गॅबापेंटिनसारखी औषधं यावर वापरली जातात. ती डॉक्टरांनीच मूत्रपिंडाची स्थिती आणि झोपाळूपणा पाहून ठरवायची.

आता घामाकडे. मेंदूच्या वरच्या भागातल्या झटक्यानंतर लुळ्या पडलेल्या बाजूला, विशेषतः चेहरा आणि हातावर, दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त घाम येतो. फिनलंडमधल्या औलू इथल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात रुग्णांच्या दोन्ही बाजूंचा घाम मोजून हे दाखवून दिलं. लंबमज्जेच्या झटक्यात उलट चित्र दिसतं. इजा झालेल्या बाजूचा चेहरा, कधी ती सगळी बाजूच, कोरडी पडते. त्याच बाजूची पापणी थोडी उतरते आणि बाहुली लहान होते. स्विस नेत्रतज्ज्ञ योहान फ्रीडरिक हॉर्नर यांनी १८६९ मध्ये डोळ्याच्या या लक्षणांचं वर्णन केलं. घरी हे ओळखणं अवघड नाही. खोलीतला दिवा थोडा मंद करून रुग्णाच्या दोन्ही बाहुल्या बघाव्यात. अंधुक उजेडात निरोगी बाहुली मोठी होते आणि दुसरी लहानच राहते, त्यामुळे फरक चटकन डोळ्यांत भरतो.

एका बाजूचा घाम स्वतःहून धोक्याचा नसतो. सुती कपडे, दिवसातून दोनदा सदरा बदलणं, काख आणि मूठ बंद राहिलेला तळहात कोरडा ठेवणं एवढ्याने पुष्कळ भागतं. आखडलेल्या मुठीत घाम साचून कातडी ओली-पांढरी होते, वास येतो, बुरशी होते. तिथं रोज बघायला हवं. ज्याची एक बाजू कोरडी आहे त्याला मात्र उन्हाळ्यात जपायचं. घामच कमी येत असेल तर अंगातली उष्णता बाहेर पडायला अडचण होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात अशा माणसाला दुपारी बाहेर नेऊ नये, ओल्या कापडाने अंग पुसत राहावं.

सगळ्या अंगाला एकदम दरदरून घाम फुटला तर ही गोष्टच वेगळी. रुग्णाला मधुमेह असेल, तो इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेत असेल, तर आधी ग्लुकोमीटरने साखर बघावी. ती घसरलेली असू शकते. घामाबरोबर छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर हृदयविकाराचा झटका असू शकतो, तिथं थांबायला वेळ नाही. ताप आला तर ‘मेंदूचा ताप’ समजून स्वस्थ बसू नये. मेंदूच्या इजेनेही ताप चढतो हे खरं, पण घरी आलेल्या रुग्णाच्या तापामागे फुप्फुसाचा किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असण्याचीच शक्यता जास्त.

आता ज्याच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं ते, उभं राहिल्यावर घसरणारा रक्तदाब. निरोगी माणूस उठून उभा राहिला की पायांकडे उतरलेलं रक्त वर ढकलण्यासाठी रक्तवाहिन्या क्षणात आवळतात. झटक्यानंतर ही यंत्रणा मंदावते. त्यात आठवडेच्या आठवडे झोपून काढलेले असतात, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात, मधुमेहाने नसा आधीच थकलेल्या असतात, आणि प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा प्राझोसिन चालू असेल तर तेही दाब खाली ओढतं. रुग्ण उभा राहतो आणि दोन मिनिटांत ‘बसवा मला’ म्हणतो. घरच्यांना वाटतं, हे व्यायामाचा कंटाळा करतात, यांचं मनच नाही बरं व्हायचं. कितीतरी घरांत यावरून रोज भांडणं होतात. बोलू न शकणारा रुग्ण तर नुसता जांभया देतो, पांढराफटक पडतो, नजर हरवते किंवा फिजिओथेरपिस्टचा हात झटकून टाकतो. त्याला आळशी ठरवण्याआधी त्याचा दाब मोजणं हे घरच्यांचं कर्तव्य आहे.

मोजायचं असं. रुग्णाला पाच मिनिटं शांत आडवं पडू द्यावं. पट्टा नेहमी चांगल्या हाताला बांधावा. दाब आणि नाडी दोन्ही लिहून घ्यावेत. मग त्याला उभं करावं. उभं राहणं शक्य नसेल तर पाय खाली सोडून पलंगाच्या कडेवर बसवावं. एका मिनिटाने पुन्हा मोजावं, तीन मिनिटांनी पुन्हा. एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने धरायचं, एकट्याने हा प्रयोग करू नये. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा आकडा १० किंवा त्याहून जास्त घसरला, तर निदान जवळजवळ हातात आलं. सकाळी उठल्यावर, दुपारच्या जेवणानंतर तासाभराने आणि दाबाची गोळी घेतल्यावर अशा वेगवेगळ्या वेळांना मोजलं तर आणखी उपयोग होतो, कारण पोटभर जेवणानंतर रक्त आतड्यांकडे वळतं आणि दाब आणखी उतरतो.

असं आढळलं तर घरच्या घरी दाबाची गोळी अर्धी करायची किंवा बंद करायची नाही. इथं फार मोठी चूक होते. दुसरा झटका टाळण्यातलं सगळ्यांत मोठं हत्यार रक्तदाबावरचं नियंत्रणच आहे. डॉक्टर गोळीची वेळ बदलतात, प्रकार बदलतात, एखादी पाणी काढणारी गोळी कमी करतात. घरच्यांच्या हातात असलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. एकदम न उठवता आधी बसवायचं, मिनिटभर थांबायचं, चांगल्या पायाचे घोटे वर-खाली करून घ्यायचे आणि मगच उभं करायचं. जेवण थोडं थोडं आणि जास्त वेळा द्यायचं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल आणि गिळणं ठीक असेल तर पाण्यात कपात करायची नाही. पायाला घट्ट मोजे किंवा पोटाला पट्टा बांधायचा तो विचारून. मीठ वाढवण्याचा सल्ला शेजाऱ्याकडून घ्यायचा नाही.

लवकर उठवलं म्हणजे लवकर बरं होतं, हा समजही तपासून बघण्यासारखा आहे. पाच देशांत झालेल्या ‘अव्हर्ट’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. झटक्यानंतर पहिल्या २४ तासांत रुग्णांना वारंवार आणि जास्त वेळ उठवलं तर तीन महिन्यांनंतरची स्थिती सुधारण्याऐवजी थोडी बिघडलेली दिसली. उठवायचं कधी आणि किती वेळ, हे त्या रुग्णालयातल्या डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यावर सोडावं.

गारठलेल्या हाताची तक्रार करणारे रुग्णही पुष्कळ असतात. लुळ्या हाताचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तो स्पर्शाला खरोखरच थंड लागतो. घरच्यांच्या मनात लगेच येतं, शेक देऊ. गरम पाण्याची पिशवी, तापवलेली विटकर, वाळूची पुरचुंडी हे सगळं प्रेमापोटी येतं आणि याच प्रेमापोटी पाय भाजतात. ज्या बाजूची गरम-गारची जाणीव गेली आहे, तिथं कातडी भाजली तरी रुग्णाला कळत नाही. फोड आल्यावर घरच्यांना कळतं, आणि मधुमेह असेल तर ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. अशा बाजूला शेक देऊच नये. हातमोजा घालावा, हाताखाली उशी देऊन तो हृदयाच्या पातळीला ठेवावा, दिवसातून अनेकदा तो हलवावा. आंघोळीचं बादलीतलं पाणी रुग्णाच्या चांगल्या हाताने आणि घरच्या माणसाच्या कोपराने अशा दोन्ही तऱ्हांनी बघूनच वापरावं. न्हाणीघरात आधी गार पाणी सोडून मग त्यात गरम घालावं, म्हणजे चुकून पाय बुडाला तरी भाजणार नाही. फार कढत पाण्याने रक्तवाहिन्या सैलावून दाबही उतरतो. आंघोळ स्टुलावर बसूनच व्हावी.

हात थंड असून सुजला, लालसर-निळसर झाला, कातडी चकचकीत दिसू लागली आणि स्पर्शही सहन होईना, तर ती नुसती थंडी नाही. हा वेदनेचा वेगळा विकार असतो आणि त्यावर जितके लवकर उपचार सुरू होतील तितकं चांगलं. हात अचानक पांढरा पडला आणि मनगटाची नाडी लागेनाशी झाली तर गुठळी अडकलेली असू शकते; मग थेट रुग्णालय गाठावं. पोटरी एकाच बाजूची सुजून दुखू लागली तरी तेच.

हृदयाचं आणि मेंदूचं नातं तर दोन्ही बाजूंनी आहे. ठोके अनियमित पडल्याने हृदयात गुठळी होऊन झटका येतो, आणि झटक्यामुळेही ठोके बिघडतात. १९९२ मध्ये कॅनडात डॉ. स्टीफन ओपनहायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपस्माराच्या शस्त्रक्रियेच्या वेळी काही रुग्णांच्या इन्सुलाला सूक्ष्म विद्युतप्रवाह दिला. उजव्या बाजूला दिला तेव्हा बहुधा ठोके आणि दाब वाढले, डाव्या बाजूला दिला तेव्हा उतरले. झटक्यानंतर पहिले काही दिवस रुग्णाला मॉनिटरवर ठेवतात त्यामागे हेही एक कारण आहे. घरी आल्यावर रोज एकदा मनगटाची नाडी पूर्ण मिनिटभर मोजावी. ठोके एकसारखे पडत आहेत की मधेच चुकतात, घाईने पडतात, हे बोटांना कळतं. अनियमित वाटले तर ईसीजी काढून घ्यावा आणि तो ठीक आला तरी ठोके दिवसभर नोंदवणारं होल्टर हे यंत्र लावायची गरज आहे का, असं विचारावं. अनियमित ठोक्यांचं निदान झालं तर रक्त पातळ करणारं औषध बदलू शकतं, आणि त्यावर पुढचा झटका टळणं अवलंबून असतं.

लघवीबद्दल लाज वाटते म्हणून बोलणं होत नाही. रुग्णालयात दाखल होणाऱ्या रुग्णांपैकी ४० ते ६० टक्क्यांना लघवीवर ताबा राहत नाही. वर्षानंतरही सुमारे १५ टक्क्यांचा हा त्रास उरतो. म्हणजे कितीतरी घरांत हेच चाललेलं आहे. बऱ्याच जणांचं मूत्राशय थोडं भरलं तरी आवळतं, घाईची लघवी लागते आणि संडासापर्यंत पोचायच्या आत कपडे ओले होतात. ठरवून दर दोन तासांनी नेणं, पलंगाजवळ भांडं किंवा कमोडची खुर्ची ठेवणं यांनी पुष्कळ फरक पडतो. पण थेंब थेंब सतत गळत असेल तर उलटी शक्यता असते, मूत्राशय रिकामंच होत नसतं आणि काठोकाठ भरून सांडत असतं. लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफी केली की हे कळतं. हा फरक न पाहता घाईच्या लघवीची गोळी सुरू केली तर लघवी तुंबू शकते. डायपर लावून प्रश्न मिटला असं समजण्याआधी ही एक तपासणी मागून घ्यावी.

बद्धकोष्ठही जवळपास निम्म्या रुग्णांना होतं. हालचाल नाही, पाणी कमी, त्यात बेडपॅनवर कुणाच्या देखत बसायचं. मराठी घरात लगेच इसबगोल निघतं. गिळायला त्रास असलेल्या रुग्णाला ते देऊ नये. ते घशात फुगून अडकू शकतं, आणि पाणी कमी प्यायलं तर आतड्यातही घट्ट बसतं. सकाळच्या चहा-न्याहारीनंतर आतड्यांची हालचाल आपोआप वाढते. रोज त्याच वेळी रुग्णाला एकांतात, पाय टेकवून बसवावं. कुंथायला लावू नये, कुंथताना दाब वर-खाली होतो.

घोरणं आणि झोपेत श्वास अडखळणं हे निम्म्याहून जास्त रुग्णांमध्ये आढळतं, त्याची झोपेची चाचणी होते आणि उपचारही आहेत. लंबमज्जेच्या झटक्यानंतर झोपेत श्वासच थांबत असल्याचं दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. कामजीवनातल्या अडचणीही याच चेतासंस्थेशी जोडलेल्या असू शकतात. पती-पत्नींनी त्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलाव्यात. मित्राने सुचवलेली सिल्डेनाफिलची गोळी परस्पर घेऊ नये. छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असेल तर या दोन्ही मिळून दाब जीवघेणा घसरतो.

पुन्हा झटका आल्याची शंका आली, तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर रक्तदाब बघून घाबरू नये. अशा वेळी दाब चढतोच. तो उतरवायला जिभेखाली गोळी ठेवण्याची किंवा निफेडिपिनची कॅप्सूल फोडून देण्याची जुनी सवय अजून काही ठिकाणी आहे. दाब एकदम कोसळला तर मेंदूच्या वाचू शकणाऱ्या भागाचंही रक्त तुटतं. काही खायला-प्यायला देऊ नये, लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहावी आणि १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

पुढच्या तपासणीला जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या मूळ पाकिटांसह एका पिशवीत न्याव्यात, झोपेच्या, प्रोस्टेटच्या आणि आयुर्वेदिक औषधांसकट. सोबत एक वही. तिच्यात आडवं आणि उभं असतानाचे दाब, नाडी, घाम कोणत्या बाजूला, लघवीच्या वेळा, किती वेळा चक्कर आली आणि तेव्हा रुग्ण काय करत होता, हे लिहिलेलं असावं. तपासणीच्या खोलीत पाच-दहा मिनिटंच मिळतात आणि तिथं रुग्णाला घाम येत नाही, उचकीही लागत नाही. गोळीची वेळ बदलायची की होल्टर लावायचा, मूत्राशयाची सोनोग्राफी करायची की झोपेची चाचणी, हे डॉक्टर त्या नोंदींवरून ठरवू शकतात.